चुंबक वर की खाली? फेरोफ्लुइडचा पृष्ठताण मोजताना

चुंबकीय क्षेत्र लावल्यावर फेरोफ्लुइडचा पृष्ठताण वाढतो की कमी होतो? पीएच.डी.च्या मुलाखतीत किंवा प्रोजेक्टच्या व्हायव्हात कुणी हा प्रश्न विचारला तर काय सांगाल? घाई करू नका. कारण एकाच बाटलीतलं द्रव घेऊन, एकाच दुपारी, तुम्ही दोन्ही उत्तरं 'सिद्ध' करू शकता. थेंबाच्या खाली चुंबक ठेवलं तर पृष्ठताण कमी झालेला दिसतो, वर ठेवलं तर वाढलेला दिसतो. द्रव तेच, काचेची नळी तीच, सूत्रही अकरावी-बारावीत शिकलेलंच. मग खरं काय मानायचं?

हा लेख त्याच गोंधळाबद्दल आहे. फेरोफ्लुइडवर प्रोजेक्ट घ्यायचा विचार असेल तर आधी एवढं वाचा, मग गाइडकडे जा.

आधी द्रव कसलं ते बघू. फेरोफ्लुइड, म्हणजे चुंबकीय द्रव, हे साधारण दहा नॅनोमीटरच्या चुंबकीय कणांचं मिश्रण असतं. कण बहुतेक वेळा मॅग्नेटाइटचे. केरोसीन, एखादं तेल किंवा पाणी हे त्यांचं वाहक द्रव. कण एकमेकांना चिकटू नयेत म्हणून प्रत्येकावर ओलेइक आम्लासारख्या सर्फॅक्टंटचा थर असतो. कण इतके लहान असतात की वाहकाच्या रेणूंचे धक्के त्यांना तरंगत ठेवतात, ते तळाशी बसत नाहीत. म्हणून चुंबक जवळ आणलं की कण वेगळे होऊन ओढले जात नाहीत, अख्खं द्रवच ओढलं जातं.

मी खुलताबादची, त्यामुळे मॅग्नेटाइट म्हटलं की मला आधी ओढ्यातली काळी वाळू आठवते. पावसाळा ओसरला की आमच्याकडच्या कुठल्याही ओढ्यात चुंबक फिरवून बघा, काळे कण मिशीसारखे चिकटतात. खाली वेरूळची लेणी ज्या बेसॉल्टमध्ये कोरली आहेत, त्याच दख्खनच्या खडकातली ही खनिजं, मॅग्नेटाइटच्या कुळातली. शाळेत असताना ही वाळू खोबरेल तेलात मिसळून 'चुंबकीय तेल' करायचा उद्योग बऱ्याच जणांनी केलेला असतो. ते पाच मिनिटांत खाली बसतं. वाळूचा कण नॅनोकणापेक्षा हजारो पट मोठा, त्याला तरंगत ठेवणं रेणूंच्या धक्क्यांना झेपत नाही. फेरोफ्लुइड आणि चिखल यांत एवढाच फरक आहे, आणि तो सगळा कणाच्या आकाराचा आणि वरच्या थराचा आहे.

पहिलं फेरोफ्लुइड १९६३ साली नासाच्या स्टीव्हन पॅपेल यांनी बनवलं. अवकाशात वजन नसताना टाकीतलं रॉकेटचं इंधन पंपाच्या तोंडाशी आणायचं कसं, हा त्यांच्यापुढचा प्रश्न होता. इंधनच चुंबकीय केलं तर, अशी ती कल्पना. ती रॉकेटमध्ये फारशी चालली नाही, पण द्रव मात्र टिकलं. आज ते लाउडस्पीकरच्या कॉइलभोवती उष्णता वाहून न्यायला आणि फिरत्या दांड्याभोवती सील म्हणून वापरतात. कण बनवायची जी रासायनिक पद्धत आपण लॅबमध्ये वापरतो, फेरस आणि फेरिक क्षार एकास दोन प्रमाणात घेऊन अमोनिया ओतायचा, ती फ्रेंच शास्त्रज्ञ रेने मासार यांच्या १९८१ च्या कामामुळे रूढ झाली. भारतात या विषयाचं जुनं ठाणं म्हणजे शेजारच्या गुजरातेतलं भावनगर विद्यापीठ. आर. व्ही. मेहता यांच्या गटाने तिथे कित्येक वर्षं चुंबकीय द्रवांवर काम केलं. आपल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठातही फेराइटवर वर्षानुवर्षं संशोधन चाललेलं आहे. म्हणजे कण बनवणं आपल्याकडे नवीन नाही. एक्सआरडी काढायचं, व्हीएसएमचा लूप काढायचा, हे सीनिअर्सकडून शिकायला मिळतं. पण त्याच कणांचं द्रव केलं की द्रवाचे प्रश्न सुरू होतात, आणि तिथे पावडरची सवय कामाला येत नाही.

पृष्ठताण हा त्यातला पहिला प्रश्न.

थेंब मोजायची साधी पद्धत

महागडं टेन्सिओमीटर सगळ्या कॉलेजांत नसतं. थेंबाच्या वजनाची पद्धत मात्र कुठेही करता येते. काचेच्या नळीच्या टोकाला थेंब लोंबतो, मोठा होतो, आणि त्याचं वजन टोकाच्या कडेवरच्या पृष्ठताणाला पेलेनासं झालं की तुटतो. टेट यांनी १८६४ मध्ये मांडलेला नियम असा:

थेंबाचं वजन = २ × पाय × टोकाची त्रिज्या × पृष्ठताण

आकडे घालून बघू. केरोसीनवर आधारलेलं फेरोफ्लुइड घ्या. समजा त्याची घनता १२०० किलो प्रति घनमीटर आणि पृष्ठताण २७ मिलिन्यूटन प्रति मीटर आहे. (पाण्याचा २५ अंशाला सुमारे ७२ असतो. केरोसीन त्याच्या निम्म्याच्याही खाली.) टोकाची त्रिज्या १ मिलिमीटर. सूत्राप्रमाणे थेंब सुमारे १७ मिलिग्रॅमचा यायला हवा. प्रत्यक्षात तो साडेअकराच्या आसपास येईल. कारण थेंब पूर्ण तुटत नाही, त्याची मान मध्येच बारीक होते आणि वरचा भाग टोकालाच राहतो. कधी कधी तीस-चाळीस टक्के भाग मागे राहतो. यासाठी हार्किन्स आणि ब्राउन यांनी १९१९ मध्ये दुरुस्तीचे आकडे दिले, ते आजही वापरतात. ही दुरुस्ती विसरून पृष्ठताण काढला तर उत्तर १८ येतं, आणि मग माणूस 'नॅनोकणांमुळे पृष्ठताण घटला' असा निष्कर्ष लिहायला मोकळा.

त्रिज्या बाहेरची घ्यायची की आतली, हेही ठरवून घ्या. द्रव काचेला ओलं करत असेल तर ते पसरत बाहेरच्या कडेपर्यंत येतं, म्हणून बाहेरची. केरोसीन काचेला ओलं करतंच.

एक थेंब मोजू नका. शंभर थेंब बाटलीत जमवा, साधारण सव्वा ग्रॅमच्या आत वजन भरेल, त्याला शंभराने भागा. बाटलीचं तोंड शक्य तेवढं अरुंद ठेवा, केरोसीन उडतं. आणि थेंब सावकाश पाडा. घाईने पाडला तर आतल्या प्रवाहाचा धक्का मोजमापात शिरतो.

एक स्थानिक गोष्ट. सूत्रात गुरुत्व त्वरण येतं आणि आपण सवयीने ९.८१ लिहून मोकळे होतो. खुलताबाद २० अंश उत्तर अक्षांशावर, समुद्रसपाटीपासून साडेआठशे मीटरच्या आसपास. अक्षांश आणि उंचीचं नेहमीचं सूत्र लावलं तर इथे ते ९.७८४ च्या जवळ येतं. फरक पाव टक्क्याचा. थेंबाच्या पद्धतीतल्या बाकीच्या चुकांपुढे तो किरकोळ आहे हे खरं, पण फुकटात दुरुस्त होणारी चूक कशाला ठेवायची? आणि परीक्षकाने विचारलं तर सांगायला बरं वाटतं.

आता चुंबक आणू

इथे मी एक प्रयोग सुचवते. लांब सोलेनॉइड घ्या, २० सेंटिमीटर लांबीचं, त्रिज्या २ सेंटिमीटर, उभं धरलेलं. सोळाशे वेढे आणि दोन अँपिअर प्रवाह असेल तर मध्यभागी सुमारे २० मिलिटेस्ला क्षेत्र मिळतं. काचेची नळी अक्षावरून आत सोडा. थेंबाचं टोक तुम्ही वरखाली सरकवू शकता. तीन जागा ठरवा: वरचं तोंड, मध्य, खालचं तोंड.

दोन्ही तोंडांशी गॉसमीटर सारखाच आकडा दाखवेल, मध्याच्या निम्मा, म्हणजे सुमारे १० मिलिटेस्ला. लांब सोलेनॉइडचं हे वैशिष्ट्य पुस्तकात असतंच. पण चुंबकीय द्रवावरचं बल क्षेत्रावर ठरत नाही, क्षेत्र किती वेगाने बदलतं यावर ठरतं. ग्रेडियंटवर. द्रव जास्त क्षेत्राकडे ओढलं जातं, म्हणजे दोन्हीकडून मध्याकडे. वरच्या तोंडाशी लोंबणारा थेंब खाली ओढला जातो, खालच्या तोंडाशी लोंबणारा वर.

किती ओढला जातो? प्रत्येक घनमीटरवरचं चुंबकीय बल म्हणजे द्रवाचं चुंबकन गुणिले क्षेत्राचा ग्रेडियंट. आपल्या सोलेनॉइडच्या तोंडाशी ग्रेडियंट अर्धा टेस्ला प्रति मीटर, म्हणजे एका सेंटिमीटरमागे ५ मिलिटेस्ला. द्रवाची चुंबकीय ग्राह्यता १ धरली, तर १० मिलिटेस्लाला गोल थेंबाचं चुंबकन सुमारे ६००० अँपिअर प्रति मीटर. गुणाकार ३००० न्यूटन प्रति घनमीटर. आणि त्याच द्रवाचं साधं वजन? १२०० गुणिले ९.७८४, म्हणजे सुमारे ११७४० न्यूटन प्रति घनमीटर. चुंबकीय ओढ त्याच्या जवळजवळ २६ टक्के झाली.

म्हणजे वरच्या तोंडाशी थेंब सव्वापट जड झाल्यासारखा वागतो, लवकर तुटतो, लहान पडतो. शंभर थेंबांचं वजन कमी भरतं. तुम्ही नेहमीचं सूत्र लावलंत तर पृष्ठताण २१.५ येतो. खालच्या तोंडाशी थेंब पाऊणपट हलका, तो उशिरा तुटतो, मोठा पडतो. उत्तर ३६ च्या पुढे जातं. मधल्या काळात खरा पृष्ठताण होता तिथेच आहे, २७.

हा प्रयोग मला आवडतो तो यासाठी, की दोन्ही ठिकाणी चुंबकीय क्षेत्र सारखंच आहे. आडव्या अक्षावर क्षेत्र आणि उभ्या अक्षावर पृष्ठताण घेऊन आलेख काढायला बसलात तर १० मिलिटेस्लासमोर दोन बिंदू येतील, एक २१.५ चा, एक ३६ चा. क्षेत्रामुळे पृष्ठताण बदलत असता तर दोन्ही जागी सारखाच बदलायला हवा होता. ज्याने फक्त एकाच तोंडाशी मोजलं त्याला हे कळायचा मार्गच नाही. त्याचा आलेख सुंदर, गुळगुळीत, एका दिशेने जाणारा असेल, एररबारही छोटे असतील.

या दोन चुकीच्या आकड्यांतून बरोबर आकडा काढताही येतो. साधी सरासरी घेऊ नका, ती २९ येते. ओढ वजनात मिळवली किंवा वजा केली जाते आणि वजन छेदात आहे, म्हणून व्यस्तांची सरासरी घ्यायची. १ भागिले २१.५ आणि १ भागिले ३६.३ यांची सरासरी काढून पुन्हा उलटवा, २७ मिळतात. ग्रेडियंटचा परिणाम एकीकडे अधिक, दुसरीकडे उणे, तो आपोआप कटतो. (मागे राहणाऱ्या भागाची दुरुस्ती थेंबाच्या आकाराप्रमाणे थोडी बदलते, ती प्रत्येक जागेसाठी वेगळी लावावी लागते. इथे हिशोब सोपा ठेवला आहे.)

मग मधल्या जागेचं काय? तिथे ग्रेडियंट जवळजवळ शून्य, म्हणजे तिथला आकडा शुद्ध, असं वाटू शकतं. तसंही नाही. एकसारख्या क्षेत्रातही चुंबकीय द्रवाचा थेंब क्षेत्राच्या दिशेने लांबट होतो. पृष्ठभागाला क्षेत्र जिथे काटकोनात छेदतं तिथे बाहेरच्या बाजूने एक जास्तीचा चुंबकीय दाब लागतो. थेंबाची मान कुठे आणि कधी बारीक होणार हे त्यामुळे बदलतं. परिणाम ग्रेडियंटपेक्षा पुष्कळ छोटा असू शकतो, पण व्यस्तांच्या सरासरीने तो कटत नाही, कारण तो दोन्ही तोंडांशी सारखाच असतो. म्हणून थेंबाच्या पद्धतीने क्षेत्रात मोजलेल्या आकड्याला मी सरळ पृष्ठताण म्हणणार नाही. आभासी पृष्ठताण म्हणेन.

उपकरणांच्या दोन गोष्टी इथेच सांगते, कारण त्या कुठल्याच मॅन्युअलमध्ये एकत्र सापडत नाहीत. सिरिंजची सुई वापरणार असाल तर आधी तिच्याजवळ चुंबक नेऊन बघा. स्टेनलेस स्टील चुंबकीय नसतं असं आपण धरून चालतो, पण सुईसाठी ओढून बारीक केलेलं स्टील थोडंफार चुंबकीय झालेलं असतं. मग क्षेत्र सुईच्या टोकाशी गोळा होतं आणि थेंब तिथेच धरून ठेवला जातो. काचेची नळी बरी. दुसरं, डिजिटल तराजू. चांगल्या तराजूच्या पोटात स्वतःचं चुंबक असतं, त्यामुळे सोलेनॉइड शेजारी ठेवून वजन करू नका. थेंब बाटलीत जमवा, बाटली लांब नेऊन मोजा. जमलेलं फेरोफ्लुइड जास्त असेल तर तेही तराजूच्या चुंबकाशी झोंबतं. पॅनवर थर्मोकोलचा ठोकळा ठेवून बाटली त्यावर ठेवली आणि वजन बदललं का ते पाहिलं तर लगेच कळतं.

आणि हो, कॉइल तापतं. दोन अँपिअर अर्धा तास चालू ठेवा आणि हात लावून बघा. केरोसीनसारख्या द्रवाचा पृष्ठताण अंशामागे साधारण ०.१ मिलिन्यूटन प्रति मीटरने उतरतो. दहा अंश तापलं की एक एककाचा फरक, आणि प्रवाह वाढवला की तापमान वाढतंच. मे महिन्यात आपल्याकडे लॅबचं तापमान सकाळी एक, दुपारी दुसरं, ते वेगळंच. थर्मोकपल द्रवाजवळ ठेवा, खोलीचं तापमान लिहून भागणार नाही.

कडीची पद्धत उलटं सांगते

ज्यांच्याकडे टेन्सिओमीटर आहे ते प्लॅटिनमची कडी वापरतात. द्यु नुई यांची पद्धत, १९१९ ची. कडी द्रवात बुडवायची, हळूहळू वर खेचायची, तुटायच्या आधी जास्तीत जास्त किती बल लागलं ते वाचायचं. त्या बलात कडीसोबत उचललेल्या द्रवाचा वाटा असतो, त्याची दुरुस्ती हार्किन्स आणि जॉर्डन यांनी १९३० मध्ये दिली.

आता भांड्याखाली चुंबक ठेवा. कडीसोबत उचललेलं द्रव खाली ओढलं जातं, कडी सोडवायला जास्त बल लागतं, यंत्र वाढलेला पृष्ठताण दाखवतं. लक्षात आलं का? चुंबक दोन्ही वेळा खालीच आहे. थेंबाची पद्धत म्हणते पृष्ठताण घटला, कडीची पद्धत म्हणते वाढला. कारण एकच, द्रव जड झालं. थेंबात जास्त वजन लवकर तुटायला लावतं, कडीत जास्त वजन जास्त खेचायला लावतं. प्लॅटिनम स्वतः फारच क्षीण चुंबकीय, त्याला दोष देऊ नका.

म्हणून गाइडने 'दुसऱ्या पद्धतीने पडताळून बघ' म्हटलं तर कंटाळू नका. दोन पद्धतींच्या चुका ज्या दिशेने जातात त्या दिशाच वेगळ्या असतील, तर पडताळणीला अर्थ आहे. दोन्ही पद्धती एकाच बाजूला चुकणाऱ्या असतील तर आकडे जुळूनही काही सिद्ध होत नाही.

केशनलिकेत द्रव किती चढतं ते बघायची पद्धतही आहे, पण फेरोफ्लुइडसाठी मी ती घेणार नाही. द्रव काळंकुट्ट, नळीच्या आतल्या भिंतीला त्याचा थर लागून राहतो, चंद्रकोरीचा तळ दिसतच नाही. उलट लोंबत्या थेंबाचा फोटो काढून आकारावरून पृष्ठताण काढायच्या पद्धतीत हाच काळेपणा फायद्याचा. मागून उजेड टाकला की कडा अगदी धारदार येते.

काटे मोजून पृष्ठताण

आता या विषयातला सगळ्यात देखणा भाग. फेरोफ्लुइडच्या पसरट थराखाली उभं, एकसारखं क्षेत्र लावून सावकाश वाढवत नेलं, की एका ठरावीक क्षेत्राला सपाट पृष्ठभागातून अचानक काटे उभे राहतात. साळिंदरासारखे. व्हिडिओ सगळ्यांनी पाहिलेला असतो. कौली आणि रोझेन्स्वाइग यांनी १९६७ मध्ये याचं गणित मांडलं, आणि त्या गणितात पृष्ठताण मोजायची एक पद्धत दडलेली आहे.

पृष्ठभागावर एक बारीक लाट उठली असं समजा. गुरुत्व ती दाबायला बघतं, पृष्ठताणही दाबायला बघतो, चुंबकीय क्षेत्र ती वाढवायला बघतं. गुरुत्वाला लांब लाटा चांगल्या दाबता येतात, पृष्ठताणाला आखूड. मधे कुठेतरी अशी एक तरंगलांबी असते जिला दोघांचा मिळून विरोध सगळ्यात कमी, आणि क्षेत्र पुरेसं झालं की तीच आधी उठते. त्या जागी गुरुत्वाचा आणि पृष्ठताणाचा वाटा अगदी सारखा असतो. म्हणून:

पृष्ठताण = घनता × गुरुत्व त्वरण × (तरंगलांबी ÷ २ पाय) चा वर्ग

सूत्रात चुंबकीय क्षेत्र नाही, चुंबकन नाही, ग्राह्यता नाही. काटे चुंबकाने उठवले, पण त्यांच्यातलं अंतर ठरवताना त्याचं नाव कुठे येत नाही. फक्त मोजमाप काटे उठतात त्या उंबरठ्यावरच घ्यायला हवं. आपल्या २७ च्या द्रवासाठी ही तरंगलांबी साडेनऊ मिलिमीटर येते.

आता पट्टी घेऊन शेजारच्या दोन काट्यांमधलं अंतर मोजा. ते ११ मिलिमीटर येईल, साडेनऊ नाही. काटे षटकोनी मांडणीत उभे असतात. तरंगलांबी म्हणजे काट्यांच्या दोन लगतच्या रांगांमधलं अंतर. शेजारच्या काट्यापर्यंतचं अंतर त्याहून मोठं, २ भागिले वर्गमूळ ३ इतक्या पटीने, म्हणजे १.१५५ पट. काट्याचं अंतर हीच तरंगलांबी समजून सूत्रात टाकलं तर वर्ग होऊन चूक ४ भागिले ३ पट होते. २७ चे ३६ होतात. गंमत बघा, हा ३६ आणि खालच्या तोंडाचा ३६ जवळजवळ सारखे. दोन चुका एकमेकींना 'दुजोरा' देतायत असं दृश्य तयार होऊ शकतं. म्हणून मी वर म्हटलं, जुळणाऱ्या आकड्यांवर भाळू नका, ते कुठून आले ते बघा.

या पद्धतीच्या अडचणी सरळ सांगते. क्षेत्र एकसारखं हवं, म्हणजे हेल्महोल्ट्झ कॉइलची जोडी हवी. खाली नुसतं चुंबक ठेवून उठवलेले काटे दिसायला तसेच, पण तिथे ग्रेडियंटमुळे गुरुत्वाच्या जागी वाढलेलं वजन येतं, काटे जवळजवळ येतात, आणि पुन्हा तोच खेळ सुरू. भांडं मोठं हवं, कारण कडेला क्षेत्र वाकतं आणि काटे आधी कडेला उठतात. बारा सेंटिमीटरच्या भांड्यात एका रांगेत दहा काटे मिळतात, त्यातले मधले घ्यायचे. पण बारा सेंटिमीटर व्यास आणि एक सेंटिमीटर खोली म्हणजे ११३ मिलिलिटर द्रव झालं. ज्याने लॅबमध्ये स्वतः फेरोफ्लुइड धुऊन धुऊन बनवलंय त्याला विचारा, ११३ मिलिलिटर म्हणजे किती दिवसांचं काम आहे. तरंगलांबीत पाच टक्के चुकलं की पृष्ठताणात दहा टक्के चूक. शिवाय काटे एका क्षेत्राला उठतात आणि क्षेत्र उतरवताना त्याहून कमी क्षेत्राला बसतात. त्यामुळे क्षेत्र चढवताना मोजलं की उतरवताना, ते वहीत लिहायलाच हवं.

तरीही क्षेत्रात असताना पृष्ठताण मोजायचा तर माझा कल याच पद्धतीकडे आहे. शून्य क्षेत्रात कडीने किंवा थेंबाने मोजलेला आकडा आणि उंबरठ्यावर काट्यांवरून काढलेला आकडा शेजारी ठेवा. ते चुकीच्या मर्यादेत जुळले तर त्या क्षेत्रापर्यंत पृष्ठताण बदलला असं म्हणायला आधार नाही.

मग खरंच बदलतच नाही का?

असं मी म्हणत नाही. पृष्ठताण हा मुळात पृष्ठभागावरच्या रेणूंच्या अगदी जवळच्या ओढीचा मामला आहे, आणि केरोसीनच्या रेणूंना १० मिलिटेस्लाचं काही सोयरसुतक नाही. कणांना आहे. क्षेत्रात कण साखळ्या करू शकतात, ग्रेडियंट असेल तर सावकाश सरकून पृष्ठभागाजवळची संहती बदलू शकतात. त्यातून पृष्ठताणात थोडा बदल होणं अशक्य नाही. पण तो दाखवायचा असेल तर आधी वजनाचा हिशोब चुकता करायला लागतो.

तुमच्याकडे असा बदल दिसला तर प्रवाहाची दिशा उलटून बघा. क्षेत्राची दिशा बदलली तरी आकडा बदलायला नको, बदलला तर जवळपास काहीतरी लोखंडी आहे. टोक दुसऱ्या तोंडाशी नेऊन बघा. क्षेत्र बंद करून लगेच आणि तासाभराने पुन्हा मोजा. लगेच मूळ आकडा आला तर तो बहुधा बलाचा परिणाम होता. हळूहळू परत येत असेल तर कण सरकल्याची शक्यता आहे, आणि ते शोधण्यासारखं आहे. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे कण नसलेला नमुना: तेच केरोसीन, तेवढंच ओलेइक आम्ल, मॅग्नेटाइट शून्य. शून्य क्षेत्रातला फरक कणांमुळे की जास्तीच्या ओलेइक आम्लामुळे, हे त्याशिवाय कळणार नाही. नीट न धुतलेल्या द्रवात मोकळं सर्फॅक्टंट बरंच शिल्लक असतं, आणि विशेषतः पाण्यावरच्या फेरोफ्लुइडमध्ये पृष्ठताण खाली आणायला तेच पुरतं.

प्रबंधात लिहिताना तक्त्याच्या मथळ्यात 'पृष्ठताण' एवढंच लिहू नका. पद्धत, दुरुस्ती कुठली लावली, टोकाची त्रिज्या, द्रवाचं तापमान, मोजलेल्या जागेचं क्षेत्र आणि तिथला ग्रेडियंट, दोन्ही. ग्रेडियंट काढायला वेगळं यंत्र लागत नाही. गॉसमीटरचा प्रोब अक्षावर पाच-पाच मिलिमीटर सरकवून आकडे घ्या आणि उतार काढा. घनता मात्र प्रत्येक बॅचची नव्याने मोजा, दहा मिलिलिटरची घनता-बाटली पुरते. केरोसीन उडालं की ती आठवड्याभरातही बदलते, आणि वरच्या प्रत्येक हिशोबात ती आहेच.